बंद झालेली आयसी आणि चालू राहणारे यंत्र

अभ्यासिकेतील संगणक, घरातील दूरदर्शन संच, बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकीचा चार्जर, दुकानावरील एलईडीची पाटी, विहारातील नव्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर या सर्वांच्या पोटात आज एक भाग समान आहे. तो भाग म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय. कारागीर मंडळी त्याला थोडक्यात एसएमपीएस म्हणतात. यंत्र अचानक मुके झाले की पुष्कळदा दोष याच भागात निघतो. ते दुरुस्तीला नेले की काही दिवसांनी उत्तर मिळते, "याची आयसी आता येत नाही, नवीन घ्या." ऐकणारा निमूटपणे यंत्र भंगारात देतो आणि कर्ज काढून नवे आणतो. हे उत्तर काही वेळा पूर्ण खरे असते. परंतु अनेकदा ते अर्धेच खरे असते, आणि अर्ध्या सत्याची किंमत गरीब माणसाच्या खिशातून जाते.

सभासद बंधू-भगिनींनो आणि विद्यार्थी मित्रांनो, हा विषय तांत्रिक असला तरी या स्मरणिकेत तो परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४३ मध्ये विद्युतशक्तीविषयक धोरण समितीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. वीज ही केवळ दिवे लावण्याची सोय नसून देशाच्या औद्योगिक उन्नतीचा पाया आहे, ही दृष्टी त्यांच्या कार्यात स्पष्ट दिसते. आज आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा व्यवसाय शिकत आहेत. त्यांच्या हाती उपयोगी पडेल असे एक कौशल्य साध्या भाषेत मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. बाजारातून नाहीशी झालेली कंट्रोलर आयसी बदलून तिच्या जागी दुसरी कशी बसवावी, हे आम्ही येथे क्रमाने सांगणार आहोत.

एसएमपीएस काय करतो?

पूर्वीच्या रेडिओत लोखंडी पट्ट्यांचा जड ट्रान्सफॉर्मर असे. घरातील वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते. एवढ्या संथ गतीवर काम करायचे तर ट्रान्सफॉर्मर मोठाच लागतो. एसएमपीएसमध्ये युक्ती वेगळी आहे. २३० व्होल्टची वीज प्रथम डायोडच्या पुलातून सरळ केली जाते. मोठ्या कपॅसिटरवर तिचा दाब सुमारे ३२५ व्होल्ट होतो. नंतर एक ट्रान्झिस्टर किंवा मॉस्फेट हा दाब सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. गती वाढल्यामुळे मुठीत मावणारा फेराइटचा ट्रान्सफॉर्मरही तेवढीच शक्ती पलीकडे पोहोचवू शकतो. पलीकडच्या बाजूला ती पुन्हा सरळ करून ५, १२ किंवा २४ व्होल्ट असा हवा तो दाब मिळवला जातो.

हे तोडणे-जोडणे किती वेळ चालू व किती वेळ बंद ठेवायचे, हे ठरवणारी आयसी म्हणजे कंट्रोलर. तिची कामे सहा आहेत. थोड्याशा विजेवर स्वतः सुरू होणे, ठराविक गतीने ठोके देणे, आपल्याजवळ एक अचूक संदर्भ दाब बाळगणे, बाहेर जाणाऱ्या दाबाची त्याच्याशी तुलना करून पल्सची रुंदी कमी-जास्त करणे, मॉस्फेटला पुरेसा धक्का देणे आणि काही बिघडले तर सर्व काम थांबवणे. १९७६ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन जनरल या कंपनीने बॉब ममानो यांनी रचलेली एसजी १५२४ ही आयसी बाजारात आणली. अशा कामांचे नियंत्रण एकाच तुकड्यात आणणारी ती पहिली आयसी मानली जाते. त्यानंतर अशा आयसींची अनेक घराणी निर्माण झाली.

वरील सहा कामे विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावीत. पुढे बदली आयसी निवडताना हीच सहा कामे एकेक करून पडताळायची आहेत.

आयसी नाहीशी का होते?

आयसी जुनी होते म्हणजे ती कुजते असे नाही. ती बनवणे परवडत नाही म्हणून कारखाना ती बंद करतो. कंपन्या विकल्या जातात आणि नवा मालक खपत नसलेले नग यादीतून काढतो. १९९९ हे एकच वर्ष पाहा. त्या वर्षी युनिट्रोड ही कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली, सॅमसंगचा पॉवर सेमीकंडक्टरचा विभाग फेअरचाइल्डकडे गेला, सीमेन्सचा सेमीकंडक्टर विभाग वेगळा होऊन इन्फिनिऑन झाला आणि मोटोरोलाच्या एका विभागातून ऑन सेमीकंडक्टर उभी राहिली. पुढे २०१६ मध्ये फेअरचाइल्डही ऑनने घेतली. दुसरे कारण कायद्याचे. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर निर्बंध आणले. कमी खपाच्या काही जुन्या आयसी नव्या नियमाप्रमाणे पुन्हा घडवण्याऐवजी बंद करणेच कारखान्यांना सोयीचे वाटले. तिसरे कारण आकाराचे. पाय भोकात घालून डाग देण्याच्या आयसींची जागा बोर्डाच्या पृष्ठभागावर चिकटणाऱ्या बारीक आयसींनी घेतली.

यातून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. अनेकदा आयसीवर छापलेले नाव संपलेले असते, पण तेच काम करणारी दुसरी आयसी दुसऱ्या नावाने बाजारात असते. माणसाची ओळख जन्मावरून करू नये, कर्मावरून करावी, ही भगवान बुद्धांची शिकवण आपण जाणतो. निर्जीव आयसीच्या बाबतीतही हाच विवेक उपयोगी पडतो. तिच्या अंगावरील नंबर पाहून थांबू नये. ती काय करते, हे पाहावे.

जीव आधी, यंत्र नंतर

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. एसएमपीएसच्या मेन लाइनकडील बाजूला कारागीर "गरम बाजू" म्हणतात आणि ती प्राणघातक आहे. प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टवर भरलेला असेल तर त्यात ११ ते १२ जूल ऊर्जा असते. एवढा झटका हृदयाला धोकादायक ठरू शकतो.

म्हणून प्लग काढल्यावर १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या चिमट्यांनी कपॅसिटरच्या दोन टोकांवर १५ सेकंद धरावा आणि नंतर मल्टिमीटरने दाब शून्याजवळ आल्याची खात्री करावी. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करण्याची सवय वाईट आहे. दुरुस्तीनंतर प्रथम वीज देताना ६० किंवा १०० वॅटचा तारेचा दिवा सिरीजमध्ये लावावा. आत शॉर्ट असेल तर दिवा भरपूर पेटतो आणि मॉस्फेट वाचतो. सर्व ठीक असेल तर दिवा क्षणभर उजळून मंद होतो. ऑसिलोस्कोपची अर्थची तार गरम बाजूला कधीही लावू नये. त्यासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आवश्यक आहे. विद्यार्थ्यांनी हे काम एकट्याने करू नये. जाणकार माणूस शेजारी असावा.

आधी रोग ओळखावा

आयसी मिळत नाही म्हणून हळहळण्यापूर्वी आयसी खरोखर गेली आहे का, हे पाहावे. पुष्कळदा ती निर्दोष असते. आठ पायांची यूसी ३८४२ ही आयसी उदाहरणादाखल घेऊ. तिच्या पाय ७ ला पुरवठा मिळतो, पाय ५ ऋण बाजूला असतो, पाय ८ वर ५ व्होल्टचा संदर्भ दाब असतो, पाय ४ वर ठोके देणारे रेझिस्टर व कपॅसिटर असतात आणि पाय ६ मधून मॉस्फेटला पल्स जाते. पाय ३ मॉस्फेटमधून जाणाऱ्या विजेवर नजर ठेवतो, पाय २ वर बाहेरच्या दाबाची खबर येते आणि पाय १ वर त्या तुलनेचा निष्कर्ष असतो.

मेन लाइन पूर्ण काढून, कपॅसिटर रिकामा करून, बाहेरच्या छोट्या पुरवठ्यातून पाय ७ आणि पाय ५ यांच्यामध्ये १७ ते १८ व्होल्ट द्यावेत. पाय ८ वर ५ व्होल्ट आले, पाय ४ वर करवतीच्या दात्यांसारखी लहर दिसली आणि पाय ६ वर पल्स दिसली, तर आयसी जिवंत आहे असे समजावे. मग दोष तिच्या शेजाऱ्यांत शोधावा. सुरुवातीला वीज आणून देणारा मोठ्या मूल्याचा रेझिस्टर उघडा पडलेला असतो, पाय ७ वरचा छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकलेला असतो किंवा पाय ३ कडील कमी ओहमचा रेझिस्टर जळालेला असतो. काही रुपयांच्या कपॅसिटरचा दोष आयसीवर ढकलून यंत्र भंगारात गेल्याची उदाहरणे आमच्या पाहण्यात पुष्कळ आहेत.

मॉस्फेट फुटला असेल तर मात्र आयसी, गेटचा रेझिस्टर आणि पाय ३ कडील रेझिस्टर हे सर्व तपासल्याशिवाय नवा मॉस्फेट लावू नये. फुटताना मोठा दाब गेटमधून मागे येतो आणि आयसीलाही सोबत नेतो. अशा वेळी एकच भाग बदलला तर तोही पहिल्याच क्षणी जातो.

आयसी खरोखर गेली असे ठरले, की बदलाचे तीन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार : नाव वेगळे, गुण तेच

जुन्या संगणकांच्या एसएमपीएसमध्ये सोळा पायांची केए ७५०० ही आयसी फार दिसते. ती सॅमसंगची आणि नंतर फेअरचाइल्डची. काहींत देवूची डीबीएल ४९४, तर काहींत एनईसीची यूपीसी ४९४ असते. ही नावे घेऊन दुकानात गेल्यास दुकानदार मान हलवील. परंतु या सर्व टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएल ४९४ च्या बहिणी आहेत. पायांची मांडणी तीच, पाय १४ वरील ५ व्होल्टचा संदर्भ तोच, पाय ५ व ६ वरील कपॅसिटर व रेझिस्टरने गती ठरवण्याची रीत तीच. टीएल ४९४ आजही बनते आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळील दुकानांत सहज मिळते. टीएल ५९४ ही तिचीच अधिक अचूक संदर्भ दाब असलेली आवृत्ती आहे. तीही चालते. त्याचप्रमाणे केए ३८४२ च्या जागी यूसी ३८४२ बसते.

पण सोळा पाय मोजून समाधान मानू नये. एसजी ३५२५ या आयसीलाही सोळाच पाय आहेत आणि कामही पल्सची रुंदी सांभाळण्याचेच आहे. तरीही टीएल ४९४ चा पाय १२ पुरवठ्याचा आहे आणि एसजी ३५२५ चा पाय १२ ऋण बाजूचा आहे. एकीच्या जागी दुसरी ठेवली तर पुरवठा सरळ जमिनीला भिडेल. म्हणून दोन्ही आयसींच्या डाटाशीट शेजारी ठेवून पाय १ ते पाय १६ एकेक करून जुळवावेत. दुकानदार म्हणतो, मित्र म्हणतो, तक्त्यात छापले आहे, एवढ्यावर विश्वास ठेवू नये. कालाम सुत्तात तथागतांनी जो उपदेश केला, स्वतः पडताळून मगच स्वीकारावे, तो या कामात अक्षरशः पाळावा लागतो.

दुसरा प्रकार : घराणे एक, स्वभाव वेगळा

यूसी ३८४२, ३८४३, ३८४४ आणि ३८४५ या चार सख्ख्या बहिणी आहेत. आठही पाय सारखे आहेत. त्यामुळे एक मिळाली नाही की दुसरी टोचून पाहण्याचा मोह होतो. पण स्वभावात दोन फरक आहेत आणि ते जाणल्याशिवाय अदलाबदल करणे धोक्याचे आहे.

पहिला फरक सुरू होण्याचा. ३८४२ आणि ३८४४ या आयसी पाय ७ वर सुमारे १६ व्होल्ट आल्यावर जाग्या होतात आणि १० व्होल्टच्या खाली गेल्यावर झोपतात. ३८४३ आणि ३८४५ या सुमारे ८.४ व्होल्टवर जाग्या होतात आणि ७.६ व्होल्टवर झोपतात. याचा परिणाम आकड्यांत पाहू. सुरुवातीला पाय ७ वरचा कपॅसिटर मोठ्या रेझिस्टरमधून हळूहळू भरतो. ३२५ व्होल्टवरून १५० किलोओहमच्या रेझिस्टरमधून सुमारे २ मिलिअँपिअर येतात. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १६ व्होल्टपर्यंत भरायला साधारण एक सेकंद लागतो. आयसी जागी झाली की मॉस्फेटच्या गेटसह ती समजा १५ मिलिअँपिअर खाते. एवढी वीज रेझिस्टर देऊ शकत नाही. ट्रान्सफॉर्मरवरील मदतीचे वेटोळे वीज देऊ लागेपर्यंत कपॅसिटरने तग धरायची असते. ३८४२ ला १६ पासून १० पर्यंत ६ व्होल्टचे अंतर आहे, म्हणून तिला सुमारे ४० मिलिसेकंद मिळतात. ३८४३ ला केवळ ०.८ व्होल्टचे अंतर, म्हणून सुमारे ५ मिलिसेकंदच मिळतात. तेवढ्यात बाहेरचे दाब उभे राहत नाहीत. आयसी झोपते, पुन्हा भरते, पुन्हा उठते. यंत्रातून टिक् टिक् असा आवाज येत राहतो आणि कारागीर ट्रान्सफॉर्मरवर संशय घेतो. शिवाय ८ व्होल्टच्या पुरवठ्यावर मॉस्फेटच्या गेटला पुरता दाब मिळत नाही आणि तो तापतो. उलट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या मंडलात ३८४३ च्या जागी ३८४२ बसवली तर १६ व्होल्ट कधीच येत नाहीत आणि ती कधीच जागी होत नाही.

दुसरा फरक रुंदीचा. ३८४२ आणि ३८४३ या पल्स जवळजवळ पूर्ण वेळ चालू ठेवू शकतात. ३८४४ आणि ३८४५ या निम्म्या वेळेपेक्षा अधिक चालू ठेवत नाहीत. त्यांच्या आत प्रत्येक दुसरा ठोका गाळण्याची व्यवस्था आहे. १० किलोओहम आणि ३.३ नॅनोफॅरड लावल्यास ठोके सेकंदाला सुमारे ५२,००० होतात. ३८४२ मधून तेवढ्याच पल्स बाहेर येतात, ३८४४ मधून सुमारे २६,०००. आता ३८४४ च्या जागी ३८४२ बसवली तर गती दुप्पट होते आणि निम्म्याची मर्यादाही उठते. काही प्रकारच्या मंडलांत ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातील चुंबकत्व ओसरण्यासाठी निम्मा वेळ राखून ठेवलेला असतो. तो वेळ मिळाला नाही की गाभा भरून जातो, वीज बेसुमार वाढते आणि मॉस्फेट आवाज करून फुटतो.

याच घराण्यात नव्या पिढीच्या आयसी आहेत, उदाहरणार्थ यूसीसी ३८ सी ४२. पाय तेच, संदर्भ दाब ५ व्होल्टचाच. सुरू होण्यासाठी जुनीला १ मिलिअँपिअरपर्यंत वीज लागते, तर हिला मिलिअँपिअरच्या विसाव्या हिश्श्याइतकी पुरते. हा गुण झाला. मात्र जुनी आयसी ३० व्होल्टपर्यंत पुरवठा सोसते, तर हिची मर्यादा २० व्होल्ट आहे. मदतीचे वेटोळे २२ व्होल्ट देत असेल तर नवी आयसी पहिल्याच दिवशी जाईल. ती बसवण्यापूर्वी तो दाब मोजावा आणि जास्त असल्यास रेझिस्टर व झेनर डायोडने १५ व्होल्टच्या आसपास बांधून घ्यावा.

तिसरा प्रकार : घराणेच संपलेले

सीमेन्सची टीडीए ४६०० ही एका रांगेत नऊ पाय असलेली आयसी १९८० च्या दशकातील अनेक रंगीत दूरदर्शन संचांत होती. तिच्यासारखी पायास पाय जुळणारी आयसी आज सहजी बनत नाही. अशा वेळी दुसरी आयसी छोट्या वेगळ्या बोर्डावर उभारून ती जुन्या जागी तारांनी जोडावी लागते. येथे केवळ आयसी बदलत नाही, मंडलाचा काही भाग नव्याने रचावा लागतो. म्हणून सुरुवातीच्या सहा कामांची वही उघडावी आणि प्रत्येक काम विचारावे.

ठोके : टीडीए ४६०० ठराविक गतीने चालत नाही. ट्रान्सफॉर्मर रिकामा झाला की ती पुढची पल्स देते, त्यामुळे भाराप्रमाणे गती बदलते. ३८४२ ची गती मात्र ठरलेली असते. जुना ट्रान्सफॉर्मर ज्या गतीच्या टप्प्यात चालत होता त्यातलीच गती नव्या आयसीला द्यावी.

धक्का : टीडीए ४६०० साध्या ट्रान्झिस्टरच्या बेसला वीज पुरवते, ३८४२ मॉस्फेटच्या गेटला दाब देते. बेसला सतत वीज लागते, गेटला फक्त भरण्या-रिकामे होण्यापुरती. म्हणून जुना ट्रान्झिस्टर काढून ८०० व्होल्ट सोसणारा योग्य मॉस्फेट लावावा आणि गेटमध्ये २२ ओहमसारखा छोटा रेझिस्टर ठेवावा.

मर्यादा : ३८४२ चा पाय ३ एक व्होल्टला पल्स तोडतो. वीज २ अँपिअरच्या वर जाऊ द्यायची नसेल तर मॉस्फेटखाली अर्ध्या ओहमचा रेझिस्टर लागतो. २ अँपिअर गुणिले ०.५ ओहम म्हणजे १ व्होल्ट. हा रेझिस्टर आठवणीने लावावा, कारण जुन्या मंडलात तो असेलच असे नाही.

तुलना : ३८४२ आतल्या २.५ व्होल्टशी तुलना करते. मदतीच्या वेटोळ्यावर १५ व्होल्ट राखायचे असतील तर वर १० किलोओहम आणि खाली २ किलोओहम अशी जोडी पाय २ ला लावावी. १५ व्होल्टचे सहा भाग करून एक भाग पाय २ ला मिळतो, तो बरोबर २.५ व्होल्ट होतो.

उरलेल्या दोन कामांपैकी संदर्भ दाब आयसी स्वतःच पुरवते आणि सुरू होण्याचा हिशेब वर दिल्याप्रमाणे करावा. पहिली चाचणी कमी दाबावर, सिरीज दिव्यासह आणि यंत्राऐवजी रेझिस्टरचा भार लावून घ्यावी. दूरदर्शन संचाच्या महागड्या भागांवर पहिला प्रयोग करू नये.

केव्हा थांबावे आणि काय सांगावे

प्रत्येक यंत्र वाचवता येतेच असे नाही. ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे जळाले असेल, बोर्ड कोळसा झाला असेल किंवा तेवढ्याच दाबाचा व शक्तीचा तयार एसएमपीएस कमी खर्चात आत बसत असेल, तर तोच मार्ग शहाणपणाचा. रुग्णाच्या अंगाला जोडल्या जाणाऱ्या वैद्यकीय उपकरणांत असे घरगुती बदल अजिबात करू नयेत. तेथे गळतीच्या विजेचे नियम वेगळे व कडक असतात.

बाजारात जुन्या आयसींवरचा नंबर घासून नवा छापलेले नगही विकले जातात. किंमत फार कमी, अक्षरे पुसट, पाय आधी डाग दिल्यासारखे, अशी लक्षणे दिसली तर सावध व्हावे. बोर्डावर आयसी थेट न डागता सॉकेट लावावे आणि घालण्यापूर्वी वर सांगितलेली चाचणी करावी, म्हणजे बनावट नग बाहेरच उघडा पडतो.

आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्थान आहे. कारागिराच्या बाबतीत तिचा अर्थ अगदी सरळ आहे. जे बदलले ते ग्राहकाला सांगावे, जे बदलले नाही त्याचे पैसे घेऊ नयेत. झाकणाच्या आतील बाजूस एक चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर मूळ आयसी कोणती होती, नवी कोणती बसवली, आणखी कोणते भाग बदलले आणि तारीख, एवढे लिहावे. पाच वर्षांनी ते यंत्र दुसऱ्या कोणाच्या हाती उघडले जाईल. ती चिठ्ठी नसेल तर तो माणूस बोर्डावरील जुना नकाशा पाहून फसेल, आणि गरम बाजूला फसणे महागात पडते.

हे कौशल्य शिकण्यास मोठे भांडवल लागत नाही. मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, सिरीज दिव्याचा बोर्ड, बदलता छोटा पुरवठा आणि एक वही पुरे. डाटाशीट आज मोबाईलवरही वाचता येते. ती इंग्रजीत असते म्हणून घाबरू नये. पायांची आकृती, कमाल दाबांचा तक्ता आणि सुरू-बंद होण्याचे आकडे ही तीन पाने वाचता आली तरी निम्मे काम झाले. सभासदांनी घरातील बंद पडलेले एसएमपीएस भंगारात देण्याऐवजी अभ्यासिकेत आणून द्यावेत आणि जाणकारांनी रविवारी दोन तास मुलांसोबत बसावे, अशी आमची विनंती आहे. दहा बोर्ड उघडून सहा कामे शोधणाऱ्या मुलाला पुढे कोणत्याही नव्या आयसीचे नाव परके वाटणार नाही. "आता येत नाही" हे शब्द ऐकल्यावर तो मान खाली घालणार नाही, मोजून पाहील. आणि मोजल्यानंतर नाही म्हणायची वेळ आली तर तेही कारण सांगून, हिशेब दाखवून म्हणेल. आपल्या समाजाला असेच कारागीर हवे आहेत.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!